दहा घरांनी दोन घरे धरावीत

देवगाव रंगारी आणि आजूबाजूच्या कन्नड, वैजापूर, गंगापूर तालुक्यांतल्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो, ही विनंती मोठ्या चर्चच्या कमिट्यांसाठी नाही. ज्यांची प्रार्थना आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी टाकून होते, जिथे दहा-बारा घरे, एक ढोलकी, झिजलेली गीतपुस्तके आणि शेवटी सगळ्यांना घोटभर चहा एवढाच पसारा असतो, त्या घरगुती प्रार्थना गटांसाठी ती आहे. आगमनकाळ लागला आहे. नाताळात गरिबांसाठी काहीतरी करू या, अशी बोलणी गटागटांत सुरू झाली असतील. त्यात माझे एक म्हणणे ऐकून घ्या. पन्नास घरांना एक दिवस वाटू नका. दोन घरे धरा आणि ती निदान ईस्टरपर्यंत सोडू नका.

मोठ्या वाटपाचा कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. शहरातून टेम्पो येतो, बॅनर लागतो, माणसे ओळीत बसतात, पाहुण्यांच्या हस्ते ब्लँकेट दिले जाते आणि घेणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहायचे असते. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. थंडी खरी असते, ब्लँकेटही उबदार असते. पण देणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव माहीत नसते आणि नेमके काय हवे ते विचारायला कुणाला सवड नसते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही एका आजींच्या घरी गेलो होतो. कोपऱ्यात पत्र्याची पेटी, तिच्यावर तीन ब्लँकेटे एकावर एक ठेवलेली, त्यातल्या एकाचे प्लास्टिकही काढलेले नव्हते. आजी एकट्या राहतात. त्यांची अडचण थंडीची नव्हतीच. जन्मभर खुरपणी आणि धुणीभांडी करून बोटांच्या रेषा झिजल्या, त्यामुळे रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना आणि धान्य हातात पडेना. दुकानात गेल्या की ‘उद्या या’ म्हणत. आजी उद्या जायच्या आणि तशाच परत यायच्या. ब्लँकेट द्यायला तीन ठिकाणची माणसे आली होती. आजींबरोबर दुकानापर्यंत जाऊन, अंगठा उमटत नसेल तर दुसरी सोय काय हे विचारणारे मात्र कुणी नव्हते.

हे बरोबर जाणे हेच लहान गटाचे काम आहे. मोठ्या संस्थेला ते जमत नाही आणि तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. प्रेषितांची कृत्ये काढा आणि सहावा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा. यरुशलेमेतली मंडळी वाढली, रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जाऊ लागल्या आणि कुरकुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितले आणि ते काम त्यांच्या अंगावर टाकले. कोण वाटणीतून सुटते आहे, हे पाहायला माणूस लागतो, हे मंडळीला पहिल्याच दिवसांत कळले होते.

आपल्या कॅथलिक बांधवांना सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ठाऊक असते. तिची सुरुवात १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या काही मित्रांनी केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. या पोरांकडे पैसा नव्हता आणि गरिबांची वस्तीही ओळखीची नव्हती. तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांनी त्यांना घरे दाखवली, कुठे जायचे आणि कसे बोलायचे ते शिकवले. मग दोघादोघांनी घरोघर जायचे, अशी रीत पडली. ती सोसायटी आज जगभर आहे, पण तिचे मूळ काम अजूनही दोघांनी मिळून एका घरी जाऊन बसणे हेच आहे.

आपल्या गावातही अशा वाट दाखवणाऱ्या बाया आहेत. आशाताईंना विचारा, अंगणवाडीच्या बाईंना विचारा. कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाचे पोर वजनात बसत नाही, कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपून महिना झाला, हे त्यांना पाठ असते. किराणा दुकानदाराला कुणाच्या उधारीचे पान भरले ते माहीत असते. शाळेतल्या गुरुजींना कोणते पोर दिवाळीनंतर आलेच नाही ते माहीत असते. त्यांना विचारून चार-पाच घरांची नावे काढा, मग दोन ठरवा. दोनच. तिसरे घर मनाला लागले, तर ते शेजारच्या गटाला सांगा.

आणि ही घरे फक्त आपल्या मंडळीतली नकोत. एक आपल्यातले असू द्या, दुसरे बाहेरचे.

आपल्या भागात डिसेंबरात कोण अडचणीत असते, ते सांगायला फार लांब जायला नको. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नाताळ बरोबर त्याच्या मध्ये येतो. आपल्या तालुक्यांतल्या गावांतून आणि तांड्यांवरून नवरा-बायको कोयत्यावर निघून जातात आणि घरी म्हातारी माणसे नि शाळेची पोरे उरतात. सत्तरीच्या आजीला दोन नातवंडांचा स्वयंपाक करायचा असतो, शेळी सांभाळायची असते आणि एखाद्या रात्री पोराला ताप आला तर काय करायचे याची धास्ती असते. अशा घराला एक फोन नंबर लागतो. रात्री अकराला फोन केला तर गाडी घेऊन कुणीतरी येईल, एवढी खात्री पुष्कळ झाली. तो नंबर तुमच्या गटातल्या एखाद्या तरुणाचा असू द्या.

दुसरीकडे, बाहेरून आलेल्या टोळ्या शेताच्या कडेला तळ टाकून असतात. तिथे जाणार असाल तर आधी त्यांचा दिवस समजून घ्या. बाया पहाटेच्या अंधारात उठतात, भाकरी थापतात आणि उजाडायच्या आत फडावर असतात. दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणे, मग गाडी भरणे. ट्रक उशिरा आला तर भरायला रात्र होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे २५ तारखेला सकाळी अकरा वाजता केक आणि फुगे घेऊन गेलात, तर कोपीत फक्त लहान भावंडाला कडेवर घेतलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी भेटेल. संध्याकाळी जा. चूल पेटलेली असताना जा. बायांनी बायांशी बोलावे, पुरुषांनी थोडे लांब थांबावे. अंघोळीला आडोसा आहे का, प्यायचे पाणी कुठून आणता, पाळीच्या दिवसांत काय करता, हे प्रश्न आपल्या महिला मंडळाच्या बायाच विचारू शकतात. कदाचित उत्तर एवढेच येईल की एक ताडपत्री, दोन बांबू आणि जवळच्या विहिरीवरून पाणी भरू देण्यासाठी शेतमालकाला तुम्ही शब्द टाका. मालक ओळखीचा असेल तर तो शब्द तुमचा चालेल, त्यांचा चालणार नाही. शिवाय, ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही सोय झाल्यापासून त्यांना त्यांच्या कार्डावरचे धान्य इथल्या दुकानातही उचलता येते. अनेकांना हे ठाऊक नसते, किंवा दुकानदाराला विचारायचा धीर होत नाही. बरोबर जा.

तिसऱ्या प्रकारचे घर म्हणजे कर्ता माणूस गेलेले. आपल्या मराठवाड्यात ही घरे शोधावी लागत नाहीत. दहावा-तेरावा होईपर्यंत अंगण भरलेले असते, मग ओसरते. त्या बाईसमोर पुढे कागदांचा डोंगर असतो. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली का? बँकेतल्या खात्याला वारस कोण लावला होता? निराधार योजनेचा अर्ज कुणी भरून दिला का? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आणि पासष्टच्या पुढच्यांसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेत महिना १५०० रुपये मिळतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधारला जोडलेले बँक खाते आणि तालुक्याच्या तहसील कचेरीच्या खेपा लागतात. पुढे दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो, नाहीतर पैसे थांबतात. रोजंदारीवर कापूस वेचणाऱ्या बाईला एका खेपेला दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे असा दुहेरी फटका बसतो. तुमच्या गटात कुणी शिकलेली सून असेल, कुणी निवृत्त शिक्षक असेल, तर त्यांची नाताळची सेवा ही: तिचे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावून द्या आणि तहसीलला तिच्याबरोबर जा. नाताळच्या पिशवीतला पाच किलो तांदूळ महिन्याभरात संपतो. १५०० रुपये सुरू झाले तर वर्षाचे १८ हजार होतात.

आणि घाटी. आपल्या गावातले कुणी ना कुणी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात भरती असतेच. रुग्णाला खाट आणि जेवण मिळते. त्याच्याबरोबर आलेली बाई मात्र व्हरांड्यात चटई टाकून पडलेली असते, चिठ्ठी घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत असते. सणाच्या दिवसांत तर तिच्याकडे कुणीच फिरकत नाही. शहरात तुमचा कुणी नातेवाईक असेल तर त्याला सांगा, एक डबा आणि दोन तास तिला द्या. तेवढ्या वेळात ती अंघोळ करून येईल, घरी फोन करील, थोडी आडवी होईल.

यावर कुणी म्हणेल, आमचीच घरे मोडकळीला आलेली आहेत, आम्ही काय दुसऱ्यांची धरणार? खरे आहे. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात घातली, जमिनी खरवडल्या आणि आपल्यातल्या बऱ्याच घरांची घडी त्यानंतर नीट बसलेलीच नाही. म्हणूनच पैशावर उभी राहणारी मदत मी सुचवत नाही. मिझोरममधल्या मंडळ्यांत शंभराहून जास्त वर्षे एक रीत आहे: स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई त्यातली एक मूठ वेगळी काढून ठेवते आणि ती मंडळीच्या कामासाठी देते. आपल्याकडे ज्वारी-बाजरी आहे. हिशोब करून पाहा. दोन वेळच्या दोन मुठी, म्हणजे धरा शंभर ग्रॅम. महिन्याला एका घराचे तीन किलो होतात, दहा घरांचे तीस. दोन घरांच्या भाकरीला एवढे पुरून उरेल आणि कुणाच्याही ताटातली भाकर कमी होणार नाही.

आपल्या भागातली मंडळी उभी राहिली तीच दुष्काळातून आणि गरिबीतून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे परदेशी फादर आपल्याच जिल्ह्यातल्या घोगरगावास आले आणि खेड्यापाड्यांत राहिले. त्याआधी रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ निजामाच्या राज्यात, सर सालारजंग दिवाण असताना, जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवले. पंडिता रमाबाईंनी १८९७च्या सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणि विधवा आणल्या, तेव्हा ताट वाढून त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना शेती, विणकाम, छपाई शिकवली. ही सगळी माणसे लोकांजवळ राहिली. आपले आजे-पणजे कुणाच्या तरी अशा राहण्यामुळे तगले, हे आपल्या घरांत अजून सांगितले जाते. आज आपण त्या बाजूला उभे आहोत, की जिथून हात पुढे करता येतो. थोडा का होईना.

द्यायची वेळही सांभाळा. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांकडे फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी सण होतो. हा शहाणपणा आपण घ्यावा. आपल्याकडे पुष्कळदा २५ तारखेची उपासना, जेवण, गाण्यांची फेरी सगळे आटोपले की उरलेल्या वेळात आणि उरलेल्या फराळात गरिबांची आठवण होते. तेल, गूळ, रवा द्यायचा असेल तर वीस तारखेच्या आत पोचवा, म्हणजे त्या घरची बाई स्वतःच्या हाताने करंज्या करील आणि तिची पोरे आपल्या आईच्या हातचे खातील. तयार करंज्यांच्या पुड्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता दोन गोष्टी मी कडक शब्दांत सांगणार आहे. मदतीच्या पिशवीत पत्रक घालू नका. पुस्तिका नको, उपासनेचे आमंत्रण नको, जाताना सगळ्यांना उभे करून प्रार्थना नको. त्या घराने स्वतः म्हटले की आमच्यासाठी प्रार्थना करा, तर जरूर करा. पण अडचणीतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यासमोर विश्वासाची गोष्ट ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. गावात आधीच कुजबुज असते की हे लोक कशासाठी देतात. तिला उत्तर भाषणातून मिळणार नाही. शोमरोनी माणसाची गोष्ट आठवा. त्याने जखमीला त्याचा धर्म विचारला नाही आणि स्वतःचाही सांगितला नाही. खाणावळीचे पैसे भरले आणि पुन्हा येईन म्हणाला. शक्य असेल तिथे गावातल्या इतरांनाही बरोबर घ्या. कुणाचा टेम्पो, कुणाचे मेडिकल, कुणाची तहसीलमधली ओळख. काम उघड्यावर आणि सर्वांच्या सोबतीने झाले की संशयाला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट फोटोची. काढू नका. ग्रुपवर टाकायला नको, वर्गणीदारांना दाखवायला नको. शाळेतल्या पोराने आपल्या आईचा हात पसरलेला फोटो दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये पाहिला तर त्याला काय वाटेल, एवढाच विचार करा. हिशोब मात्र चोख ठेवा. एक वही, दोघांच्या सह्या, आलेले धान्य आणि पैसे, गेलेले धान्य आणि पैसे. महिन्याला गटात वाचून दाखवा, घराचे नाव न घेता.

रूथची गोष्ट आपल्या शेतकरी माणसांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचत होती. बवाजाने गड्यांना सांगून ठेवले की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसे पडू द्या आणि तिला बोलू नका. त्याने तिच्या पदरात पोते ओतले असते तरी चालले असते, पण त्याने तिला तिच्या कष्टाचे घेऊ दिले. आपणही असे काही शोधू या. ज्या घराला तुम्ही धरले आहे, त्या घरची बाई शिवण करते का? नाताळचे फ्रॉक तिच्याकडे टाका आणि पूर्ण शिलाई द्या, घासाघीस करू नका. म्हातारे बाबा दोरखंड वळतात का? दावी त्यांच्याकडून घ्या. आणि त्यांनी चहा टाकला तर तो प्या. बिनदुधाचा असला तरी प्या, नको म्हणू नका. मंडळीचे प्रीतिभोजन असेल त्या दिवशी त्यांना घरी डबा पाठवू नका. बोलावून आणा आणि आपल्या पंगतीत, आपल्या मधोमध बसवा.

नाताळ झाला की खरे काम उरते. जानेवारीत कापूस संपत आलेला असतो, हाताला काम कमी होते आणि फेब्रुवारीपासून पाण्याची ओढ लागते. त्या दिवसांत गरिबाच्या दारात सहसा कुणी जात नाही. म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री, वर्ष सरताना उपासनेला जमाल, तेव्हा जानेवारीतल्या भेटीच्या तारखा तिथेच ठरवून टाका. दर पंधरा दिवसांनी एक भेट, दोघांनी मिळून, शक्यतो तीच दोघे, म्हणजे घराला चेहरे ओळखीचे होतात. भेटीला दर वेळी काही घेऊन जायला हवे असे नाही. एखादे घर मध्येच म्हणेल की आता नको, आमचे भागते. तेव्हा मन लहान करू नका, येणे-जाणे मात्र ठेवा.

पाळकसाहेबांनी, फादरांनी आणि सिस्टरांनी एवढे करावे की कुठल्या गटाने कोणते घर धरले याची नोंद आपल्याकडे ठेवावी, म्हणजे एकाच घरी तीन गट जाणार नाहीत आणि एखादे घर सगळ्यांच्या नजरेतून सुटणार नाही. बाकी सूत्रे गटांच्याच हातात राहू द्या.

तेव्हा येत्या प्रार्थनेच्या संध्याकाळी, चहा व्हायच्या आधी, अर्धा तास काढा. आशाताईंना त्या दिवशी बोलावून घ्या. दोन घरे ठरवा, प्रत्येक घरासाठी दोघांची नावे वहीत लिहा आणि धान्याचा डबा कुणाच्या घरी ठेवायचा ते पक्के करा. पहिली भेट १५ डिसेंबरच्या आत झालीच पाहिजे, आणि त्या भेटीला रिकाम्या हातांनी जा, फक्त विचारायला.